पाचवी प्रत

कौनासमधल्या त्या हिवाळ्यात
तागाच्या गिरणीत दिवसभर हिशेब टाइप करणारी माझी बहीण
रात्री स्वयंपाकघरात ड्रॅगन टाइप करत असे.
यंत्राखाली घोंगडीची घडी,
दाराच्या फटीला ओला टॉवेल,
आणि मी नळ सोडून बसायचो,
आवाजावर आवाज पडावा म्हणून.

गेनोवाइतेचं म्हणणं एकच:
कागद पातळ हवा, बोट जड हवं.
पाच कागद, मध्ये चार कार्बन.
पहिली प्रत ज्यांनी पुस्तक आणलं त्यांना,
दुसरी भौतिकशास्त्राच्या मास्तरांना,
तिसरी कुठे जाते ते विचारायचं नाही,
चौथी दातांच्या डॉक्टरीणबाईंना.
पाचवी घरात.
पाचवी म्हणजे पातेल्याच्या बुडाला उरलेलं,
अक्षरं नव्हेतच,
काचेवर कुणी श्वास सोडून पुसायला विसरलेलं काही.

अकरा वर्षांचा मी ती खिडकीला लावून वाचायचो.
बाहेर बर्फ, कागदात मिठाचा डोंगर,
डोंगराच्या पोटात निजलेला तो,
ज्याच्या घोरण्याने गावातलं दूध नासायचं.

मास्तर म्हणत, ड्रॅगन म्हणजे ते, वरचे,
आणि छताकडे बोट दाखवत.
डॉक्टरीणबाई म्हणत, छे, ड्रॅगन म्हणजे आपलीच हाव.
बहीण म्हणे, ड्रॅगन म्हणजे ड्रॅगन.
त्याला आपल्या भाषेत आठ अक्षरं लागतात
आणि माझं बोट दुखतं.

पुलाशी एक आंधळी म्हातारी बसलेली असते.
पोरक्या मुलाला ती म्हणते, हे घे,
याच्याशिवाय पलीकडे कुणी गेलेलं नाही.
काय घे?
आमच्याकडे तलवारीला म्हणतात कार्दास,
आणि नावाला वार्दास.
पाचव्या प्रतीत पहिलं अक्षर उमटलंच नव्हतं.
नुसतं आर्दास,
आणि त्याच्याआधी एक पांढरी जागा,
पडलेल्या दुधाच्या दाताएवढी.

मी तिथे नाव वाचलं.
बरोबरच वाटलं,
नाव मिळाल्यावर नदीची भीती कसली.
पुढे तो मुलगा ते उपसतो असं आलं,
तेव्हा जरा अडखळलो,
मग वाटलं, नावसुद्धा खोलातून उपसावंच लागत असेल.

एकोणिसाव्या वर्षी मला बोलावणं आलं.
टेबलामागचा माणूस सभ्य होता.
माझ्या चहात त्याने लिंबाची चकती टाकली.
आमच्या घरी लिंबू सणालाही नसे,
मी त्या चकतीलाच जास्त भ्यालो.
त्याने पातळ कागद पुढे सरकवला,
यातला र जरा वर उडतो, म्हणाला,
कुणाच्या यंत्राचा?

माझ्याकडे तलवार नव्हती.
एक नाव होतं.
ते घेऊन मी पाच तास बसलो
आणि ते घेऊनच घरी आलो.
शूरबीर काही नाही.
जिभेला कोरड पडली होती,
आणि त्या म्हातारीने बजावलं होतं.

मग काळ पालटला, पुस्तक उघडपणे छापून आलं.
जाड पुठ्ठा, सोनेरी शेपूट,
पान दोनशे बारा:
कार्दास.
मी दुकानात उभाच, टोपी हातात,
मागचा गिऱ्हाईक खाकरला तरी.

बहिणीला सांगितलं.
ती सुईत दोरा ओवत होती.
मी तलवारच टाइप केली होती, म्हणाली,
पाचव्या कागदापर्यंत बोट पोचलं नसेल.
आणि दोरा पुन्हा ओला केला.

ती गेली त्याला आता तीन वर्षं झाली.
तिची नात उर्ते परवा तेच पुस्तक घेऊन आली,
फूटपट्टी उगारून माझ्या खुर्च्यांशी लढली,
दमून सोफ्यावर झोपली, एक मोजा पायात, एक कुठेतरी.
पान दोनशे बारा मी उघडलं.
खिशातून पेन्सिल काढली,
एका अक्षराचंच काम होतं.

मग राहू दिलं.
पोरीला आत्ता तलवार हवी आहे.
पुलापाशी पोचली की
बघेल हातात काय आहे ते.